विमानाचे पॉइंट आणि छावणीची पेंड

२८ मार्च २०१९, गुरुवार. केज.

जावयाशी फोनवर भांडण झालं. त्रिंबक बंगळुरूच्या कंपनीत आहे, म्हणून अक्कल सगळी तिकडेच गेली असा त्याचा समज. आमच्या शिवकन्येचं पहिलं बाळंतपण. रीतीप्रमाणे पोरगी माहेरी यायला पाहिजे. तो म्हणाला, मामा, केजला नळाला वीस दिवसांतून एकदा पाणी येतं, बाळंतिणीला न्हाऊ काय टँकरखाली घालणार का. मी तांब्या भिंतीवर फेकला. तांब्यात पाणी नव्हतं, म्हणजे त्याचं म्हणणं तसं बरोबर होतं. पण बोलायची एक पद्धत असते.

शेवटी ठरलं की शिवकन्येच्या आईनेच तिकडे जायचं. डॉक्टरांनी दहा जून तारीख दिली आहे. मी तिथल्या तिथे जाहीर केलं की सरस्वती पुण्याहून विमानाने जाईल. सरस्वती म्हणाली, सोलापूरहून रेल्वे हाय की, मी बसन कोपऱ्यात. मी तिला गप्प केलं. या घरातलं कुणी आजवर विमानात बसलेलं नाही, मी धरून.

३० मार्च, शनिवार.

प्लॅन पक्का. त्रिंबकने दिवाळीत मला त्याच्या क्रेडिट कार्डाचं ॲड-ऑन कार्ड, म्हणजे त्याच्याच खात्यावरचं दुसरं कार्ड, दिलं होतं, अडीअडचणीला असावं म्हणून. कार्ड घासलं की पॉइंट मिळतात. वीस हजार पॉइंट झाले की विमानाचं तिकीट फुकट. आता प्रश्न असा की माझ्यासारखा साधा माणूस एवढं घासणार कुठे.

उत्तर माझ्या डोळ्यांसमोर रोज शेपटी हलवत होतं. मी शेतकऱ्यांच्या सहकारी सोसायटीचा सचिव. दुष्काळामुळे सोसायटीने गावाबाहेर चारा छावणी उघडली आहे. नऊशेच्या वर जनावरं. त्यांना पेंड लागते. पेंड मी कार्डावर घ्यायची, छावणीचं बिल सरकारकडून आलं की सोसायटीने कार्डाचे पैसे भरायचे, पॉइंट आपले. कुणाचंही नुकसान नाही. त्रिंबकला सांगितलं. त्याने किती पेंड लागेल ते विचारलं. मग म्हणाला, चालेल मामा, पण तारखेच्या आत भरा, दवाखान्याला मला तेच कार्ड लागणार आहे. जावयाचे पैसे वापरू नयेत असं म्हणतात, पण हे पैसे नाहीत, कार्ड आहे.

चेअरमन अर्जुनरावांनी न वाचता सही केली. म्हणाले, लई डोकं चालवतो बे तू.

७ एप्रिल, रविवार.

अडचण एकच. हिरवा चारा म्हणजे माजलगावकडचा ऊस. धरणाखालचे ते ऊसवाले रोख घेतात. कार्ड दाखवलं तर एकाने ते उलटंपालटं करून बघितलं आणि माझ्या खिशात परत कोंबलं. जरा जोरातच कोंबलं. खिसा फाटला. मी त्याची कॉलर धरली. त्याच्याकडे कोयता होता म्हणून सोडली.

निर्णय: ऊस कमी, पेंड जास्त. कार्डाचं मशीन असलेला पेंडवाला अंबाजोगाईला आहे. जीपने जाऊन यायला अर्धा दिवस जातो. तो कार्डाला दोन टक्के जास्त लावतो. विमानाच्या मानाने हे काहीच नाही.

सुग्रीव, म्हणजे सरस्वतीचा भाऊ, त्याचीही चार जनावरं छावणीत आहेत. तो सगळ्यांसमोर म्हणाला की दाजी, त्या इमानापायी किती डिझेल जाळलंत, तेवढ्यात अक्का रेल्वेनं दोनदा जाऊन आली असती. त्याच्या कानफटात द्यावीशी वाटली. दिली नाही. तो पैलवान आहे हे त्याचं कारण नव्हे. मी मुळात शांत माणूस आहे.

२१ एप्रिल, रविवार.

पाठ प्रचंड दुखते आहे, उपडं झोपून लिहितोय.

चुलतभाऊ भगवानराव पोरीच्या लग्नाचा बस्ता बांधायला निघाला होता. पिशवीत रोकड. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. रोकड मला दे, दुकानात कार्ड मी घासतो, तुला काय फरक पडतो. भगवानराव भोळा माणूस, हो म्हणाला.

दुकानात दोन्हीकडची वीस-पंचवीस माणसं गादीवर बसलेली. मी पुढे होऊन कार्ड काढलं. नवऱ्या मुलाचा मामा मोहनराव याने ते बघितलं. तो मोठ्याने म्हणाला की पोरीच्या बापाला बस्ता झेपंना वाटतं, म्हणून सोसायटीचा सचिव धरून आणलाय. भगवानरावचं तोंड पांढरं पडलं. त्याने मोहनरावाच्या थोबाडीत दिली. मोहनरावाच्या भावाने कापड मोजायचा गज उचलला. पुढचं नीट सांगता येत नाही. शालूंच्या ढिगावर माणसं पडत होती. एका बाईने नवरदेवाच्या काकाचा कान दातांत धरला होता. मी मशीनवर आडवा पडून होतो. गज माझ्या पाठीवर मोडला, पण तेवढ्यात पावती बाहेर आली.

लग्न मोडता मोडता राहिलं. भगवानराव म्हणाला, तू माझ्या दारात पाय ठेवू नको, कावून आणलं तुला तेच समजंना. लोकांना आर्थिक साक्षरता नाही.

भगवानरावची रोकड कार्डात भरायची होती. तात्पुरती जीपच्या डिझेलला आणि त्या दोन टक्क्यांना वापरली.

२ मे, गुरुवार.

छावणीत जनावरांना हगवण लागली. चारशे जनावरं एका दावणीत, ऊन बेचाळीसचं, त्यात हे. पशुवैद्य म्हणाले, एवढी पेंड घालतात का कुठे, हिरवं कुठाय. मी म्हणालो, पेंड पौष्टिक असते.

साखराबाई म्हणून एक म्हातारी आहे. एकच बैल, त्याच्याजवळच खाट टाकून राहते. नवरा, पोरं, सुना सगळे ऊसतोडीला गेलेले, अजून परतले नाहीत. तिने ओलं शेण उचललं आणि माझ्या तोंडावर मारलं. नेम चांगला आहे. म्हणाली, माज्या बैलाला काय झालं तर तुला त्याच्या जागी बांदीन. मी तिला कायदा समजावून सांगत होतो तेवढ्यात बैलाने लाथ घातली. मांडीवर खुराचा ठसा उमटला आहे. मी बैलाला काठी मारली. त्यावर साखराबाईने कासरा दुहेरी करून मला दोन ठिकाणी मारलं.

माफ केलं. म्हातारं माणूस आहे.

पॉइंट बारा हजारांच्या वर गेले.

११ मे, शनिवार.

छावणीचं बिल आलेलं नाही. चौकशी केली तर म्हणे आमच्या सोसायटीने पाठवलंच नाही. रोज जनावरांची मोजदाद करून पंधरवड्याला पाठवायची असते, ती सचिवाने करायची असते. सचिव अंबाजोगाईच्या रस्त्यावर असला तर मोजदाद कशी होणार, हा विचार नियम करणाऱ्यांनी केलेला नाही.

अर्जुनरावांनी सगळ्या संचालकांसमोर माझ्या अंगावर खुर्ची फेकली. प्लास्टिकची होती. मी ती परत फेकली. ती त्यांना न लागता भिंतीवरच्या संस्थापकांच्या फोटोला लागली. आता लोक म्हणतात मी संस्थापकांवर हल्ला केला.

त्रिंबकचा फोन. मामा, महिन्याभराचं थकलंय, कार्डाची मर्यादा संपत आली, काय करता. मी म्हणालो, आठ दिवस. तो म्हणाला, शिवकन्येचे पाय सुजलेत, आई लवकर आल्या तर बरं होईल. मी म्हणालो, विमानाने दीड तासात येते, काळजी करू नका.

सरस्वतीने बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू करून ठेवलेत. डबा दाराजवळ ठेवून बसते. माझी तिला ताकीद आहे, तिकीट होईपर्यंत रेल्वेचं नाव काढायचं नाही.

२० मे, सोमवार.

फक्त चारशे पॉइंट कमी. अंबाजोगाईला गेलो. मशीनने कार्ड नाकारलं. पुन्हा घातलं, पुन्हा नाकारलं. मर्यादा संपली असं व्यापारी म्हणाला. मर्यादा कार्डाची संपली होती, माझी कधीच संपली होती. मी मशीन उचलून काउंटरवर आपटलं. दोनदा. तिसऱ्यांदा हमालांनी मला उचललं. पेंडीच्या पोत्यासारखं झोकं देऊन बाहेर टाकलं. चष्मा गेला. समोरचा दात हलतोय.

जीपमध्ये बसून बराच वेळ स्टिअरिंगवर बुक्क्या मारल्या. एकूण विचार केला तर माझी दिशा बरोबर आहे, फक्त बाकीचे लोक साथ देत नाहीत.

घरी सांगितलं, मोटारसायकलवरून पडलो. सरस्वती म्हणाली, आपल्याकडं मोटारसायकल न्हाई.

२९ मे, बुधवार. दवाखान्यातून.

डाव्या हाताने लिहितोय. मानेला पट्टा.

सकाळी साखराबाईचा बैल बसला तो उठेना. पेंडही आठ दिवस नव्हती आणि ऊसही नव्हता, कारण रोख नव्हती आणि कार्ड बंद. दोनशे माणसं छावणीच्या ऑफिसपुढे जमली. मी खुर्चीवर उभा राहून सांगायला सुरुवात केली की वस्तुस्थिती समजून घ्या. खुर्ची कुणीतरी ओढली. मग कासरे, मग काठ्या, मग वेसणीला लावतात ते लोखंड. शामियान्याचे खांब उपसले. ऑफिसचा वजनकाटा माझ्या पायावर टाकला. मीही मारलं. कुणाला ते दिसलं नाही, पण दोघांना तरी चावलो. सुग्रीव गर्दी फोडून आत आला. मला वाटलं मला वाचवायला आला. त्याने मला उचललं, उभं केलं आणि कानफटात दिली. त्याने मान लचकली.

मग त्याने फोन माझ्या कानाला लावला. त्रिंबक होता. शिवकन्येला पहाटेपासून कळा चालू होत्या. दहा जूनला बारा दिवस बाकी असताना. दवाखान्याच्या काउंटरवर त्याचं कार्ड चाललं नाही. मागे रांग होती. त्याने शेजाऱ्यांना फोन करून पैसे मागितले तेव्हा पोरीला आत घेतलं. तो ओरडला नाही. तो म्हणाला, मामा, आईंना कोणी तरी घेऊन या.

दोनशे माणसांच्या काठ्या खाली आल्या होत्या. फोन स्पीकरवर होता हे मला नंतर कळलं.

३० मे, गुरुवार.

सुग्रीव काल दुपारीच सरस्वतीला घेऊन निघाला. केजहून जीपने सोलापूर, तिथून रात्रीची रेल्वे, जनरलचा डबा. जाताना ती माझ्या खाटेजवळ आली नाही. लाडवांचा डबा घेतला आणि गेली.

मुलगी झाली. काल संध्याकाळी. सरस्वती आज पोचली. म्हणजे बाळ तिच्या आधी आलं.

दोघी ठीक आहेत असं सुग्रीवने कळवलं. साखराबाईचा बैलही उठला असं कंपाउंडर म्हणाला. कुठूनतरी लोकांनीच वर्गणी काढून ऊस आणला, रोखीने.

मला सचिवपदावरून काढल्याचं पत्र उशाखाली आहे. माझी बाजू मांडायला लागेल. पण आधी दात बसवून घ्यायला हवा.

१५ जून, शनिवार.

कुरिअरने पार्सल आलं. त्रिंबकने मित्रांकडून पैसे घेऊन कार्डाचं सगळं भरलं आणि कार्ड कायमचं बंद केलं. दंडात पॉइंट कापले गेले. जे उरले त्यांत बक्षिसांच्या यादीतली एकच वस्तू बसत होती, प्रवासात मानेला लावायची उशी. पत्ता त्याने माझा दिला. आत चिठ्ठी वगैरे काही नव्हती.

पट्टा घामाने टोचतो म्हणून उशी लावून बघितली. निळी, मखमली. खरं सांगायचं तर आराम वाटतो.

तशीच लावून छावणीत गेलो. मला तिथे काम नाही, पण घरी कुणी नसतं. साखराबाईने विचारलं, हे काय गळ्यात. मी सांगितलं, विमानात लावतात. ती हसली नाही. बरं हाय, म्हणाली आणि बैलाला पाणी दाखवायला गेली.

दुपारी व्हिडिओ कॉल आला. सरस्वतीने फोन धरला होता, स्वतः दिसत नव्हती. शिवकन्येने बाळ पुढे केलं. कपाळ माझ्यावर गेलंय. मी विचारलं, पहिलं न्हाऊ कुणी घातलं. शेजारच्या कानडी मावशींनी, ती म्हणाली. त्यांना मराठी येत नाही, शिवकन्येला कानडी येत नाही. कळा देताना नर्स आत आली की दर वेळी वाटायचं आईच आली, असंही म्हणाली. मला दोष द्यायला म्हणाली नाही, नुसतं सांगितलं. मग म्हणाली, बाबा, तुमच्या मानेला फार लागलं का.

मी म्हणालो, आवाज तुटतोय, नेटवर्क नाही इथे. फोन ठेवला.

नेटवर्क चांगलं होतं. मी जीपच्या मागे जाऊन बसलो, उशी गळ्यातून काढली आणि तिच्यात तोंड खुपसून रडलो.