आज फक्त एक बाही

टीचर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली आणि मला जे कळलं ते गेल्याच आठवड्यात कळलं. मुलाच्या शाळेतून बोलावणं आलं होतं. मुलगा हुशार आहे, पण एकही काम पुरं करत नाही, अशी तक्रार. त्याला घेऊन डॉक्टरांकडे गेले. त्या बाईंनी त्याच्याशी खूप वेळ गप्पा मारल्या आणि मग मला म्हणाल्या, "याला एडीएचडी म्हणतात. तो मुद्दाम करत नाही. कामाला सुरुवात करणंच अशा मुलांना सगळ्यात जड जातं." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत त्यांनी विचारलं, "हे पुष्कळदा घरातच असतं. तुमचं कसं होतं लहानपणी?" मी सांगायला लागले, आणि लहानपण राहिलं बाजूला, मी तुमच्या भुईगावच्या ओट्याबद्दलच बोलत बसले.

तुमच्याकडे शिवण शिकायला आले तेव्हा मी कॉलेज सोडलेलं होतं. टायपिंगचा क्लास सुटला होता, पेटीचा सुटला होता. गिरगावातली खोली सोडून आम्ही वसईत फ्लॅट घेतला, त्या नव्या घरात माझ्या पलंगाखाली अर्धवट स्वेटर आणि अर्धवट भरतकाम कोंबलेलं असायचं. आई मला 'आरंभशूर' म्हणायची, पाहुण्यांसमोरसुद्धा. तुमच्याकडेही तेच झालं. बाकीच्या मुलींचे ब्लाऊज अंगावर चढले, माझं कापड तसंच घडीत. एके दिवशी तुम्ही सगळ्यांसमोर फटकारलंत, "एवढे दिवस काय करत होतीस? बघत होतीस कापडाकडे?" मी खरंच बघत होते. रोज कापड पुढ्यात घ्यायचे, कात्री उचलायचे आणि हात पुढे सरकायचाच नाही. मला रडू फुटलं. मुली गेल्यावर तुम्ही मला थांबवून घेतलंत, पेज आणि सुक्या बोंबलाची चटणी पुढे ठेवलीत. आमच्या घरी मासळी चालते का, हेही विचारलं नाहीत. मी हुंदके देत म्हटलं, "मी आळशीच आहे, टीचर." तुम्ही म्हणालात, "नाही गं बाय. आळशी माणूस काम टाकून मजेत झोपतो. तू काम टाकून रडतेस. तुझं दुखणं वेगळं आहे. मला त्याचं नाव ठाऊक नाही."

नाव ठाऊक नव्हतं, पण दुसऱ्या दिवसापासून तुम्ही उपाय सुरू केलेत. माझ्यासमोरचं सगळं उचलून एकच तुकडा ठेवायचात. मशीनमध्ये दोरा मी येण्याआधीच ओवलेला. आणि माझ्या शेजारी पाट टाकून बसायचात, वाल सोलत नाहीतर मोगऱ्याच्या कळ्या निवडत. शिकवायचं काही नाही, बोलायचं नाही, नुसतं बसायचं. संध्याकाळी मी शिवणीच्या ऐन मध्यावर आले की म्हणायचात, "बस, आता घरी जा." मला राग यायचा. शिवण संपवून तरी जाऊ द्या! पण सकाळी आले की सुई कापडात रुतून उभी असायची आणि सुरुवात कुठून करायची हा प्रश्नच उरायचा नाही. पाय आपोआप मशीनवर जायचे. माझा पहिला ब्लाऊज असा झाला. मुंढ्यात, काखेपाशी, ओढत होता, पण पुरा होता.

आणि मग तुमच्या भाचीचं लग्न ठरलं. चर्चमधल्या लग्नाचा पांढरा गाऊन तुम्हीच शिवायचा हे तिच्या जन्मापासून ठरलेलं. कापड बेतून झालं आणि तुम्ही विहिरीपाशी घसरलात, उजवं मनगट मोडलं. लग्न दोन रविवारांवर आलेलं. तुमची बहीण म्हणाली, बाजारातून तयार आणू. तुम्ही प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून माझ्याकडे बघत होतात. "ही शिवील." बहिणीने तुमच्या घरच्या बोलीत भराभर काहीतरी म्हटलं. मला शब्द कळले नाहीत, अर्थ पुरता कळला.

पहिल्या दिवशी मी मशीन पुसली. मग मशीनला तेल घातलं. दुसऱ्या दिवशी टाचण्या रंगाप्रमाणे लावल्या, ओटा झाडला, तुमच्यासाठी चहा केला, पुन्हा चहा केला. ते पांढरं सॅटिन बघितलं की मी दुसरं काहीतरी काम काढायचे. शेवटी तुम्ही डाव्या हाताने सगळं कापड चादरीत गुंडाळून आत नेलंत आणि एकच तुकडा घेऊन बाहेर आलात. "गाऊन शिवायचा नाही. विसर गाऊन. आज फक्त एक बाही." पाट ओढून शेजारी बसलात. एका हाताने वाल सोलता येईनात, म्हणून जपमाळ घेतलीत. तुमचं पुटपुटणं चालू, माझी मशीन चालू. बाही झाली. मग दुसरी. मग म्हणालात, आज फक्त कंबर. लेस लावताना एकदा पूर्ण बाजू उलटी लागली, मी उसवायला घेतली आणि लक्षात आलं की मी रडत नाहीये, मी फक्त उसवतेय.

लग्नाच्या आदल्या दिवशी ऊन असतानाच शेवटचा टाका घातला. चर्चमध्ये मी मागच्या बाकावर आईशेजारी बसले होते. नवरी आत आली आणि सगळी माणसं मागे वळली. मी बाह्यांकडे बघत होते, घेराकडे बघत होते, कुठे म्हणजे कुठे ओढत नव्हतं! बाहेर आल्यावर तुम्ही मला हाताला धरून फादरांपुढे, सासरच्यांपुढे, सगळ्यांपुढे नेलंत. "हिने शिवलाय. सगळा हिने." आई पुढे झाली. तिने गाऊनचा घेर उलटून आतली शिवण पाहिली, बोट फिरवून पाहिली. मग तुमच्या बहिणीला म्हणाली, "माझी मुलगी आहे ती." त्या दिवसानंतर आईच्या तोंडून 'आरंभशूर' हा शब्द मी ऐकला नाही.

वसईत माझं दुकान आहे आता. हाताखाली मुली आहेत. अजूनही काही सकाळी माझे हात थिजतात, मग मी एखादीला म्हणते, "जरा इथे येऊन बस." त्यांना वाटतं मालकिणीला गप्पा हव्यात. डॉक्टरबाईंना हे सगळं सांगितलं तर त्या लिहायचं थांबल्या. म्हणाल्या, "आम्हीही पालकांना हेच करायला सांगतो. तुमच्या टीचर कुठे शिकल्या होत्या?" मी हसले. काल मुलगा भूगोलाचा नकाशा घेऊन बसला होता. मी त्याच्या शेजारी नुसती भाजी निवडत बसले. अख्खा सह्याद्री रंगवून झाला त्याचा.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि ते बरंच आहे, कारण एक गोष्ट तुमच्या तोंडावर सांगायची माझी छाती झाली नसती. टीचर, पंचक्रोशीतल्या नवऱ्या माझ्याकडे गाऊन शिवायला येतात, आणि मी ते मन लावून शिवते. पण मला खरी मजा येते ती शाळांच्या गॅदरिंगसाठी पोरांचे पोपटाचे आणि भोपळ्याचे पोशाख शिवण्यात.