एकाच फोनवरून आलेली उत्तरं

आई, सकाळपासून जिवाला चैन नाही. बोईसरच्या खोलीत तीनदा लॅपटॉप उघडला, तीनदा मिटला. माझं काम तुला सांगायचं राहूनच गेलं. मी संशोधनासाठी प्रश्नावल्या बनवते, लोक त्या फोनवर भरतात. या वेळची आपल्या सातपाटीत मासळी सुकवणाऱ्या बायकांसाठी होती. वाकून वाकून कंबर जाते हे त्यातून दिसलं, तर सुकवणीला उंच ओटे मागता येतील.

एका फोनवरून एकच उत्तर धरायचं, बाकीची बनावट समजून गाळायची, हा नियम माझाच. आपल्या आळीत एक फोन दहाजणींचा असतो, हे तुझ्या लेकीला सुचू नये? सगळ्याजणी एकत्र बसल्या, एकीच्या सुनेनं प्रश्न मोठ्यानं वाचले, तिच्याच फोनवर उत्तरं भरली. पहिलीचं उत्तर राहिलं, बाकी सगळ्या गळाल्या.

काल तिथे गेले, तेव्हा हे कळलं. तुझ्याशेजारी बसून जवळा सुकवणारी मावशी म्हणाली, "आमी सगल्यांनी भरला हाय. तुजी आय असती त तिनी पन भरला असता. आता ओटे मिलतील ना?" मी हो म्हणाले. कशी जीभ रेटली कोण जाणे.

आज ती गाळलेली उत्तरं काढून वाचली. कंबर दुखते का? नाही. नाही. नाही. एकीनंही हो म्हटलेलं नाही. सासू-जावांच्या घोळक्यात कोण म्हणणार?

मग तू आठवलीस. मी सातवीत, शाळेतून आणलेला घरच्यांच्या आरोग्याचा फॉर्म घेऊन चुलीपाशी बसलेय. दारात आजी. मी विचारते, "कंबर दुखते का?" तू बोंबील साफ करता करता म्हणतेस, "नाय. लिव." आजी उठून गेल्यावर मात्र मला झापतेस. "चार मानसांत असा इचारतात काय गो? जरा बस, पानी पी, मंग इचार." आणि गरम मिठाची पुरचुंडी कमरेला लावतेस.

दुपारी संशोधन चालवणाऱ्या सरांना फोन करून सांगितलं की नियम माझा चुकला, आणि गळालेल्या उत्तरांनीही भागायचं नाही. एकेकीला घरी जाऊन विचारावं लागेल, तोवर अहवाल थांबवा. ते चिडले, मग 'बघू' म्हणाले. ते काहीही ठरवोत, उद्या मी मावशीकडे जाणार आहे.

हे पत्र कुठे धाडायचं, आई? एक मात्र सांगते. त्या फॉर्मवर मी 'नाही' तसंच ठेवलं. पेन्सिलीनं लिहिलं होतं, खोडरबर दप्तरात होतं. मला खेळायला जायचं होतं.