करड्या मानेचा भारीट आणि दगडाबाईंची गोफण

मुक्काम : ज्वारीतला माळा, चारठाण्याच्या अलीकडं, डोंगराचा पायथा
गुरुवार

आदरणीय शिवप्रसाद दाजी,

मेव्हणा महारुद्राचा पाया पडून नमस्कार. तुमी, ताई न् धाकटी पंकजा जिंतुरात मजेत असाल असं धरून चालतो. ताईची कंबर कशी हाय? लग्नसराई तोंडावर आली, स्टुडिओत गर्दी असंल. तुमचा कॅमेरा माझ्याकडं सुखरूप हाय. (कॅमेरा म्हटलंय, हे ध्यानात ठेवा.) मोबाइल असताना कागद का, असं विचारून डोकं तापवू नका, माझं आधीच तापलंय, कारण खाली येईल.

अपेक्षा तुमाला ठाऊक हाय. परभणीच्या कॉलेजात माझ्याच वर्गात होती. मी दुसऱ्या वर्षाला सरांपुढं जर्नल आपटून बाहेर पडलो, ती राहिली. आता जिंतूरच्या डोंगरातल्या पाखरांचं प्रदर्शन लावायलीय. सोमवारी हाय. एकोणसाठ फोटो जमले, साठावा अडलाय : करड्या मानेचा भारीट. मी म्हटलं, मी आणतो. तर हसली. "महारुद्र, सुरू करण्यात तू पटाईत आहेस. एक तरी काम शेवटपर्यंत ने, मग माझ्याशी बोल." दाजी, दोन दिवस मला जेवण गेलं न्हाई.

आता भारीट म्हणजे काय, तर चिमणी! डोळ्याभोवती पांढरं कडं, मान करडी, पोट जरासं तांबूस. बाकी सगळी चिमणीच. हिवाळ्याला कुठल्या कुठून डोंगर ओलांडून येतो म्हणे. एवढ्या लांबून यायचं तर जरा नटूनथटून तरी यावं का न्हाई? तिच्या गावचाच डोंगर, म्हणून आपल्या घरून, पिंगळीहून, पहाटेची गाडी पकडून दोन दिवस चढलो. पहिल्या दिवशी शेरडांनी माझा डबा खाल्ला. दुसऱ्या दिवशी छत्तीस फोटो काढले, मोठे करून बघितले तर छत्तीसही दगड निघाले. (त्यातला एक हलल्यासारखा वाटला होता, आईशप्पथ.)

मंगळवारी अक्कल चालवली. मोबाइलवर भारिटाचा आवाज उतरवून घेतला होता, तो डोंगराखालच्या बांधावर बाभळीआड बसून मोठ्यानं लावला. नेमक्या त्याच घडीला भोरड्यांचा थवा आला. भोरड्या हिवाळ्यात हजारांनी ज्वारीवर पडतात, त्यांना आवतण लागत न्हाई, हे मला ठाऊक, तुमाला ठाऊक. पण माळ्यावर राखणीला बसलेल्या म्हातारीनं एवढंच बघितलं, की एक परकं पोरगं बांधाआडून शीळ घालायलंय न् आभाळभर पाखरं तिच्या हुरड्यात उतरायलीत. "आरं मुडद्या, माझ्या रानात पाखरं बोलवायलास व्हय?" न् गोफण फिरली. दाजी, सत्तरीची बाई! पहिला दगड टोपीवरून गेला. दुसरा... दुसऱ्याचं जाऊ द्या.

माझंही डोकं फिरलं. तसाच माळ्याखाली जाऊन भांडलो. "आजी, पाखरं काय तुमच्या बापाची हायत का?"

"पाखरं न्हाईत रं, ज्वारी हाय माझ्या बापाची. काय करतूस तू?"

"फोटो काढतो."

"अन् कॉलेज?"

"सोडलं."

"मग ह्ये फोटो कुणासाठी?"

रागात माणूस खरं बोलून जातो. मी वरडलो, "तुमच्याच गावची हाय, अपेक्षा!"

म्हातारीनं गोफण मांडीवर ठेवली. लय शांतपणे म्हणाली, "म्हंजी माझी नात."

दाजी, त्या घडीला तिसरा दगड बसला असता तर बरं झालं असतं.

आजींनी, म्हंजी दगडाबाईंनी, तिथंच निकाल दिला : काढणी होईस्तोवर वीस दिवस राखण करायची, मधी पळालास तर नातीचं नाव तोंडात घ्यायचं न्हाई. मोबाइल (पाखरं बोलवायचं यंत्र!) त्यांच्या कमरेच्या पिशवीत गेला. झोपायला गोठ्यातली बाज, शेजारी म्हैस. आज माझा तिसरा दिवस. हाळ्या घालून घसा बसला. गोफण फिरवली की दगड माझ्याच मागं जातो. काल म्हशीला लागला, तवापासून ती माझ्याकडं पाठ करून झोपती. ज्या पाखरांच्या मागं दोन दिवस रांगलो, त्यांनाच हाकलायची नोकरी लागली.

ताईला नमस्कार, पंकजाचा पापा. पत्र एसटीच्या दत्तराव कंडक्टरांच्या हाती देतोय.

तुमचा,
घसा बसलेला मेव्हणा,
महारुद्र

ता. क. : दुसऱ्या दगडाबद्दल. कॅमेरा सुखरूप हाय. भिंग न्हाई.

आणखी ता. क. : तुमच्या कपाटात लांबचं भिंग हाय, ते घेऊन रविवारी उजाडताच या. (भिंगापायी पत्र लिहिलं असं समजू नका, ताईच्या कमरेची काळजी होतीच.)

शेवटचं : चिठ्ठी घडी करायलो होतो, तर समोरच्या कणसावर चिमणी येऊन बसली. डोळ्याला पांढरं कडं. मान करडी. दाजी, तोच हाय! चार हातांवर! माझ्या हातात कॅमेरा न्हाई, गोफण हाय, न् खालून आजी वरडायल्यात, "हाण की रं, बघत काय बसलास?" मी हाणला, जाणून पार पलीकडच्या बांधावर. जन्मात पहिल्यांदा दगड नेमका गेला. पाखरू हललं न्हाई. आता एक कणीस मोडून माळ्याच्या कडेला ठेवलंय, निवांत खायलाय. रविवारपर्यंत टिकवायचा तर रोज एक कणीस लागंल. लवकर या, न् आजींना यातलं अक्षर सांगू नका. या रानाचा राखणदार मी हाय.