लिओटाची अकरा पानं

१४ एप्रिल १९३१, मंगळवार. दुपारी चार वाजून दहा मिनिटं.

नेमक्या या वेळी लिओटा बर्डसॉलने माझ्या टेबलावर ते पुस्तक आपटलं. ऑरिन टास्करच्या आठवणी — मोंटानात काउबॉय म्हणून काढलेली वीस वर्षं. "नोरा, अगं, माझ्यावर अकरा पानं आहेत! एकसष्ट ते एकाहत्तर!" माझी कॉफी प्यायली, माझाच केक खाल्ला, नि वर म्हणते, "तू कुठे दिसली नाहीस गं. नीट बघ हं, असशील कुठेतरी."

ही पपांच्या रँचवरची स्वयंपाकीण. १८८९च्या जूनमध्ये नोकरी सोडून शेरिडनला निघाली, आणि त्याच सकाळी तिच्या गाडीत बसून ऑरिनही गेला. मला एक शब्द न बोलता! आदल्या रविवारी ओढ्याकाठी माझा हात धरून बसलेला माणूस! बेचाळीस वर्षं मला एवढंच हवं आहे — का गेला? हिच्यासाठी?

१५ एप्रिल

सापडले. पान चौपन्न, अर्धी ओळ: 'मालकाची मुलगी नन्सकडे शिकून आली होती, तिला काट्याचमच्यांची फार काळजी.' नावसुद्धा नाही! आणि लिओटाचे सोड्याचे पाव म्हणे ढगासारखे हलके. खिडकी फुटली असती त्यांनी! पेन्सिल घेतली. त्या अकरा पानांत व्याकरणाच्या एकोणीस चुका. चौतीस वर्षं शाळेत शिकवल्याचं सार्थक झालं.

१७ एप्रिल

पुस्तकाला हात लावला नाही. लिओटा दारावरून दोनदा गेली, नवी टोपी घालून.

१८ एप्रिल

पान बाहत्तर. चार वेळा वाचलं.

'जूनमध्ये मालकाने माझ्या घोड्यांतून बिशपला काढून घेतलं. मग सांगायचं काय राहिलं? मी बिछाना गुंडाळला.'

आमच्याकडे प्रत्येक गड्याला आठ-दहा घोडे नेमून दिलेले असतात. त्यांवर तोच बसतो. मालकाने त्यातला एक जरी काढून नेला, तरी अर्थ एकच — चालू लाग. भांडण नाही, खुलासा नाही. माणूस निमूट निघतो.

मी तेव्हा नऊ वर्षं नन्सकडे काढून नुकती परतले होते. लॅटिन येत होतं. हे येत नव्हतं.

बिशप — निळसर करडा घोडा. ऑरिन त्याच्या कानाशी लागून तासभर बोलायचा, मला मात्र मोजून दोन वाक्यं. मला त्या घोड्याचा मत्सर वाटायचा. घोड्याचा! म्हणून पपांना म्हटलं, "तो निळा मला हवा." वाटलं, घोड्याशी बोलायला तरी आता माझ्याकडे येईल. पपा हसले. "घे, राणी." त्यांना अर्थ ठाऊक होता. मला सांगितला नाही.

रीत मला पुढे कळली. पण तोवर तो दिवस मी लिओटाच्या नावावर लावून मोकळी झाले होते.

खाली आणखी दोन ओळी: 'पुढच्या रविवारी मालकाला एक गोष्ट विचारायचं ठरवलं होतं. उत्तर आधीच मिळालं.'

कोणती गोष्ट? पान उलटलं तर वायोमिंगमधला हिवाळा सुरू!

१९ एप्रिल

चर्चबाहेर लिओटाला गाठलं. "तुमच्यात काय होतं? खरं सांग."

टोपी सरकेपर्यंत हसली. "काय असणार? शेरिडनच्या वाटेत तीन दिवस माझे पाव खाल्ले नि पाठ करून झोपला! ती अकरा पानं माझ्या स्वयंपाकावर आहेत, बाई. वाचलीस तरी का?"

चुका तपासल्या होत्या. वाचली नव्हती.

मग तिचं हसू थांबलं. "नोरा... इतकी वर्षं तुला वाटत होतं, की मी —"

छत्री उघडून चालू लागले. पाऊस नव्हता.

२० एप्रिल

प्रकाशकाच्या पत्त्यावर पत्र टाकलं. नक्कल:

'श्री. टास्कर, बिशप पपांनी काढला नाही, मी मागून घेतला. त्याचा अर्थ मला माहीत नव्हता. त्या रविवारी तुम्ही पपांना काय विचारणार होतात? माझं आडनाव बदललेलं नाही. उत्तर लेखी हवं — शुक्रवार, १५ मे, दुपारी बाराच्या आत.'