खिडकीतून टाकलेल्या चपला

३ जून
घडलं ते असं:
१. सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी सोडली.
२. एका निवृत्त नायिकेचं चरित्र लिहायचं काम मिळालं. सगळे त्यांना बाई म्हणतात.
३. आई जेवताना एवढंच म्हणाली, "उद्या सकाळी उठून करणार काय?"
उत्तर: आधी चरित्र, मग त्यावरून माझीच पटकथा. योजनेत दोष नाही. दोष शोधणं हाच माझा पेशा होता.

१७ जून
घर सोडलं तो दिवस बाईंना आठवत नाही. रेकॉर्डिंगमध्ये तिथे नुसता पंख्याचा आवाज. प्रकरण अडून चालणार नाही, म्हणून एक प्रसंग लिहून ठेवला: बाई अनवाणी निघतात, धाकटी बहीण खिडकीतून त्यांच्या चपला खाली टाकते. तात्पुरता. खरा मिळाला की बदलायचा.

२४ जून
बाई वाचून रडल्या. "अगं, अगदी असंच झालं होतं. मीच विसरले होते."
म्हणजे माझा अंदाज अचूक. बदलायची गरज नाही.

८ जुलै
बाईंनी टीव्हीवर चपलांचा प्रसंग सांगितला. आता एका चपलेचा अंगठा तुटलेलाही आहे. तो मी लिहिला नव्हता. निर्मात्याचा फोन आला. सिनेमा चपलांपासूनच सुरू करू म्हणाला. दादा म्हणतो, आधी करार दाखव. मत्सर.

११ जुलै
बाईंच्या धाकट्या बहिणीचा प्रकाशकांना फोन. बाईंनी घर सोडलं तेव्हा ती जन्मलीच नव्हती. किरकोळ चूक. मोठी बहीण करता येईल.
मोठी बहीण नाही.

१२ जुलै
प्रसंग काढू या, असं बाईंना सुचवलं. त्यांनी विचारलं, "तू होतीस का तिथे?"
नव्हते.
"मग माझं घर मला शिकवू नकोस."
बहिणीलाही सुनावलंय म्हणे: तू नव्हतीस, तर चपला टाकल्या कुणी?
चहा न विचारता वाटेला लावलं. राग उतरेल.

१९ जुलै
उतरला नाही. चरित्र प्रकाशकांचा माणूस लिहून घेणार. सिनेमा होतोय, लेखक दुसरा. पहिलं दृश्य खिडकी आणि चपला. ते माझं म्हणावं, तर खोटं होतं हे आधी सांगावं लागेल. खरं म्हणावं, तर ते बाईंचं. दोन्हीकडून तपासलं. वाट नाही.
आईने माझी ऑफिसची बॅग धुऊन वाळत घातलीय.

२१ जुलै
जुन्या साहेबांना मेल, मसुदा चौथा:
सर, माझी जागा भरली नसेल तर मी सोमवारपासून येऊ शकते. भरली असेल तर खालची जागाही चालेल. नकार असला तरी कृपया शुक्रवारपर्यंत कळवावे.