सौदा मंजूरचं बटण

४ ऑक्टोबर २००६, बुधवार

रोजनिशी सुरू. ही वही कोणी वाचू नये. उर्वशीने तर अजिबात नाही. बायकोला एवढा हक्क पुरे आहे की ती तोंडावर बोलते.

सुरू करण्याचं कारण, आजपासून गेमचं काम अधिकृत सुरू. नाव 'कापूस किंग'. खेळणाऱ्याने कापूस पेरायचा, वेचायचा, बैलगाडीत भरून दिग्रसच्या मार्केटला न्यायचा, ग्रेड घ्यायची, विकायचा. डिसेंबरमध्ये यवतमाळला कृषी मेळावा आहे. तिथे जो गेम निवडतील तो तालुक्या-तालुक्याच्या माहिती केंद्रात बसणार, आणि शिकवायचं काम बनवणाऱ्याच्या क्लासला. माझ्या दिग्रसच्या कॉम्प्युटर क्लासला सध्या तीन विद्यार्थी. त्यातला एक फक्त पंख्याखाली बसायला येतो. निवड झाली तर क्लास वाचला. नाही झाली तर पुसदचा क्लासवाला किसनसिंग दिग्रसला शाखा टाकणार. बसस्टँडवर चार माणसांत बोलला तो.

त्याचाही गेम आहे. त्यात म्हणे एकच विंडो. एका विंडोत काय होते, कप्पाळ. माझ्यात अकरा.

९ ऑक्टोबर, सोमवार. दुपारी २, लाइट आल्यावर

नवा मॉनिटर आला. एकोणीस इंची, सेकंडहँड, नागपूरहून बसच्या टपावर. स्क्रीन मोठा म्हणजे अक्षर मोठं, साधी गोष्ट. दिसलं बारीक. अलफिया म्हणाली रिझोल्यूशन जास्त आहे सर, म्हणून. अलफिया म्हणजे माझ्याकडची एकुलती एक टीचर. बीसीए, वय बावीस, तोंड पन्नाशीचं. कमी करून देऊ का, म्हणे. मी म्हटलं जग पुढे चाललं आणि आपण रिझोल्यूशन कमी करायचं काय. गेममधलाच फॉन्ट वाढवला. चौदावरून अठरा.

हे मी शेतकऱ्यांसाठी करून राह्यलो. त्यांची नजर कमजोर असते.

१४ ऑक्टोबर, शनिवार

उर्वशी म्हणते डोळे तपासून घ्या. काहून, तर तांदळात खडे राहिले. तांदूळ निवडून दिले हा माझा उपकार, त्याचं हे फळ. वरून म्हणे, तुमी पेपर असा लांब धरता जसा समोरच्याले वाचून दाखवून राह्यले. पेपरवाले शाई फिक्की वापरून राह्यले त्याला मी काय करू? माझी नजर फर्स्ट क्लास आहे. त्रेचाळीस म्हणजे काही वय नाही.

निर्णय: तांदूळ निवडणे बंद.

२६ ऑक्टोबर, गुरुवार

आज सीतादहीची विंडो केली. पहिल्या वेचणीच्या दिवशी शेतात दहीभात ठेवून पूजा केल्याशिवाय कोणी कापसाला हात लावत नाही. म्हणून गेममध्येही 'सीतादही करा' हे बटण दाबल्याशिवाय वेचणी सुरू होत नाही. किसनसिंगला हे सुचणार आहे का? तो मोबाइलचे कव्हर विकता विकता कॉम्प्युटरमध्ये आलेला माणूस.

फॉन्ट बावीस केला. अठरा डोळ्यात खुपत होता.

३ नोव्हेंबर, शुक्रवार

वाईट दिवस. अलफियाने गेम विद्यार्थ्यांच्या चौदा इंची मॉनिटरवर लावला आणि मला बोलावलं. माझ्या एकोणीस इंचीवर अकराही विंडो टेचात बसतात. तिथे तीनच बसल्या, बाकीच्या एकमेकींच्या उरावर. सौद्याच्या विंडोचा उजवा भाग स्क्रीनच्या बाहेर. त्या भागात 'सौदा मंजूर' हे बटण आहे. डावीकडचं 'वापस न्या' तेवढं दिसतं.

तिने तीनही विद्यार्थ्यांसमोर विचारलं, कापूस इकाचा कसा सर? मी म्हटलं विंडो माउसने ओढायची. ती म्हणाली ओढायला वरची पट्टी लागते, ती तुम्हीच काढली. काढली, कारण निळी पट्टी पांढऱ्या कापसावर शोभत नव्हती. सौंदर्यदृष्टी नावाचं काही असते की नाही.

पंख्याखाली बसणारा हसला. त्याला उद्यापासून पंखा नाही.

६ नोव्हेंबर, सोमवार

या वहीची पानं भराभर संपून राह्यली. ऑक्टोबरमध्ये एका पानात दोन दिवस मावत होते, आता एका दिवसाला दोन पानं लागतात. वहीवाल्याने पानं छोटी कापली. पुन्हा त्या दुकानात जाणार नाही.

१२ नोव्हेंबर, रविवार. सकाळी

कालचा राग आज लिहितो. मी जेवायला घरी गेलो आणि मागून अलफियाने माझ्या गेममध्ये हात घातला. वीसेक ओळी टाकल्या. गेम सुरू होतानाच स्क्रीन किती मोठा आहे ते विचारतो, आणि त्या मापाने सगळ्या विंडो, अक्षरं, बटणं लहान-मोठी करतो. चौदा इंचीवर लावून दाखवलं. अकराच्या अकरा बसल्या. 'सौदा मंजूर' समोर.

चांगलं दिसत होतं, हे मी फक्त या वहीत लिहितो.

पण अक्षर बारीक झालं. मी विचारलं, हे वाचणार कोण? ती म्हणाली मले तर दिसते सर, या पोट्ट्याईलेबी दिसते. आणि माझ्याकडे अशी पाहत राहिली जशी उर्वशी पाहते. या दोघी एकमेकींशी बोलतात असा मला दाट संशय आहे.

वीसच्या वीस ओळी उडवल्या. मालक कोण आहे ते एकदा कळलं पाहिजे. अलफियाने आपली कॉपी सीडीवर घेतली आणि सीडी पर्समध्ये ठेवली. तिच्या पर्समध्ये काय असावं हा तिचा प्रश्न.

फॉन्ट अठ्ठावीस.

२० नोव्हेंबर, सोमवार

किसनसिंग क्लाससमोरून दोनदा गेला. एकदा थांबून जागेची लांबी पावलांनी मोजली. मी बाहेर जाऊन विचारलं कायले मोजून राह्यला बे. म्हणे असाच, पाय मोकळे करून राह्यलो. मग अलफियाला विचारलं मेळाव्यानंतर काय करणार. माझ्यासमोर विचारलं. ती म्हणाली सरांचं काय होते ते पाहून सांगीन.

सरांचं काय होते म्हणजे काय? सरांचं चांगलंच होते.

४ डिसेंबर, सोमवार

मेळाव्याचं पत्र आलं. गेम आयोजकांच्या कॉम्प्युटरवर चालवायचा, आपला कॉम्प्युटर तिथे नेता येणार नाही. खेळणार एक शेतकरी, तो ऐन वेळी गर्दीतून निवडणार. परीक्षक मागे उभे राहून पाहणार. कॉम्प्युटर माहिती केंद्रात जातील तसलेच, पंधरा इंची.

अलफिया म्हणाली पंधरा इंचीवरही बटण बाहेरच राहील, मोजून पाहिलं. मी म्हटलं पंधरा हा चौदापेक्षा मोठा आकडा आहे. ती गप्प बसली. लॉजिकपुढे माणूस गप्पच बसते.

उर्वशी म्हणते मेळाव्यात फुकट डोळे तपासतात, तिकडे एक चक्कर मारा. मी म्हटलं मी परीक्षेला चाललो, दवाखान्यात नाही.

९ डिसेंबर, शनिवार. यवतमाळ, मंडपामागे, दुपारी १२

किसनसिंगचा गेम झाला. कंटाळवाणा. एक विंडो, मोठी बटणं, खेळणारी बाई पाच मिनिटांत कापूस विकून मोकळी. टाळ्या पडल्या. लोकांना सोपं दिलं की टाळ्या पडतातच.

माझा नंबर जेवणानंतर. कॉम्प्युटर पाहून आलो. अलफियाने पर्समधून सीडी काढली. म्हणाली सर, दोन मिनिटं लागतात, कोणाले कळणार नाही, नाव तुमचंच राहील. मी म्हटलं माझ्या गेममध्ये दुसऱ्याचा हात नको. तिने सीडी परत ठेवली. यावेळी पर्सची चेन जोरात लावली.

त्याच दिवशी, संध्याकाळी, एसटीत

सगळं क्रमाने लिहितो, नाहीतर उद्या लोक भलतंच सांगतील.

गर्दीतून उकंडा नावाचा शेतकरी निवडला. बोरी अरबचा, साठीचा, चष्मा नाही. पेरणी छान झाली. मग सीतादहीची विंडो आली. अख्खा स्क्रीन भरून दहीभात. उकंडाने चपला काढल्या, हात जोडले आणि बसून राहिला. परीक्षक म्हणाले बटण दाबा. तो म्हणाला हे काम बाईचं आहे, आमच्या घरी बुढी करते, मी कसा हात लावू. परीक्षक हसले. शेवटी अलफियाने पुढे होऊन दाबलं. उकंडा म्हणाला आता बरोबर. इथपर्यंत, मी लिहून ठेवतो, मंडप माझ्या बाजूने होता.

मग बैलगाडी मार्केटला पोचली. हवामान, ग्रेड, वजन, ओलावा, सूचना, सगळ्या विंडो एकदम उघडल्या, एकीवर एक. सगळ्यात वर सौदा. भाव दिसला. खाली 'वापस न्या' दिसलं. 'सौदा मंजूर' स्क्रीनच्या बाहेर.

उकंडाने शोधलं. मी मागून ओरडलो उजवीकडे, उजवीकडे. त्याने मॉनिटरच्या उजवीकडे, टेबलावर पाहिलं. मग 'वापस न्या' दाबलं. गाडी घरी. पुन्हा गाडी भरली, पुन्हा मार्केट, पुन्हा वापस. चार वेळा. उकंडा उठला आणि परीक्षकांना शांतपणे म्हणाला, गेम खरा आहे साहेब, मागच्या साली माह्यासंगबी हेच झालं, भाव दिसे पन इकता नाही ये. मग चपला घालून गेला.

शेतकऱ्याने स्वतः खरा म्हटलं. याहून मोठी पावती कोणती? परीक्षकांनी कागदावर बराच वेळ लिहिलं. कौतुक लिहायला वेळ लागतोच.

अलफिया माझ्या शेजारी न बसता पुढे बसली. प्रवासात तिला मळमळतं बहुतेक.

१८ डिसेंबर, सोमवार

निकाल. किसनसिंग.

माझ्या नावासमोर शेरा आहे. मी कागद लांब धरला, जवळ धरला, खिडकीत नेला. शाई फिक्की. शेवटी उर्वशीने वाचला. 'कल्पना उत्तम. खेळाडूस कापूस विकता येत नाही.'

ती हसली नाही. हसली असती तर भांडता आलं असतं.

२७ डिसेंबर, बुधवार

क्लासची पाटी उतरवली. मॉनिटर कोणी घेईना, म्हणे टेबल दबते. डोळ्यांच्या डॉक्टरने तक्त्याच्या तिसऱ्या ओळीवर विचारलं काय दिसते. मी म्हटलं रेघ. चष्म्याचा नंबर दोन निघाला. उर्वशीने बाहेर येऊन चहा पाजला. तिच्या कपाळावर गोंदण आहे ते इतक्या वर्षांत फिक्कं झालं असं मला वाटत होतं. चष्मा लावून पाहिलं, फिक्कं नाही झालं.

१५ जानेवारी २००७, सोमवार

किसनसिंगच्या दिग्रस शाखेत आज माझा पहिला दिवस. सकाळची टायपिंगची बॅच. किसनसिंग टोमणा मारेल म्हणून उत्तर तयार करून नेलं होतं. तो पुसदलाच होता. शाखाप्रमुख अलफिया आहे.

तिने मला सर म्हटलं, जसं आधी म्हणायची तसंच. कोपऱ्यातला कॉम्प्युटर दाखवला, खुर्ची पुसून दिली आणि आपल्या कामाला गेली. सुरू केला तर अक्षरं मोठी. सगळी. मला न विचारता करून ठेवलेली, आणि एकही विंडो स्क्रीनच्या बाहेर नाही.

मला राग आला. चष्मा आहे आता माझ्याकडे, मी काही म्हातारा नाही. अक्षरं लहान केली. पाच मिनिटं तशीच ठेवली. मग इकडेतिकडे पाहून परत मोठी केली.