माझ्या वहीतलं भात

नारपोली, गुरुवार

तीर्थरूप कमळाआत्या हिच्या पायांवर मृणालीचं डोकं (आज ते तिथून उचलूच नये असं वाटतंय).

तुझे गुडघे कसे आहेत? काकांचा खोकला? आम्ही इकडे ठीक. फोनच केला असता, पण तुझा आवाज ऐकला की मला रडू फुटेल, म्हणून दीपेशच्या हाती पत्र पाठवतेय (वाटेत त्याने वाचलंच असेल, मेला).

तर मी बी.एड. करतेय, ते तुला ठाऊक आहेच. तिथे विनिता मॅडमनी आम्हाला एक जर्नल ठेवायला लावलंय. आज काय शिकलो, कुठे चुकलो, ते त्याच दिवशी प्रामाणिकपणे लिहायचं. आत्या, मी ते रविवारी जेवण झाल्यावर आठवड्याचं एकदम लिहिते, पेनं बदलून. सोमवारी उत्सुकता, मंगळवारी शंका, बुधवारी चूक (लहानशी, मॅडमना गोड वाटेल अशी), गुरुवारी पश्चात्ताप. एका बुधवारी तर मी तापाने घरी पडून होते, तरी वहीत वर्गात चुकले आणि गुरुवारी सुधारले.

पण लिहून लिहून लिहिणार काय? घर, कॉलेज आणि मोबाइल. शेवटी मी तुला आणलं. ‘आज आत्याच्या शेतात लावणीला गेले.’ मॅडमना ते इतकं आवडलं की मला चटकच लागली. मग तू मला चिखलात उतरवलंस, रोप कसं धरायचं ते दाखवलंस, माझ्या वाकड्या ओळी बघून हसलीस. माझ्या वहीत लावणीपासून कापणीपर्यंत सगळं पंधरा दिवसांत आटोपलं. मॅडम पडल्या दादरच्या. त्यांनी शेरा दिला, ‘अनुभवसमृद्ध!’ आणि वर्गाला सांगितलं, मृणालीकडून शिका. मी मान खाली घालून लाजल्यासारखं केलं. तेव्हा खरोखरच लाजले असते तर आज ही वेळ आली नसती.

कारण आता येत्या शनिवारी मॅडम अख्खा वर्ग घेऊन अंजूरला येतायत, तुझं शेत बघायला. काल मी दीपेशला सहज विचारलं, आत्याचं भात कितपत आलंय रे? तो जेवता जेवता थांबला. ‘ताई, कुठलं भात? तिथं गोदाम झालं ना. माझी शिफ्ट तिथंच असते!’

म्हणजे माझा सख्खा भाऊ रोज तुझ्या शेतावर खोकी उचलतो आणि मी कागदावर तिथेच भात कापत होते. मला कुणी सांगितलं नाही असंही नाही. आई म्हणते, सांगितलं होतं, तू मोबाइलमध्ये होतीस. आत्या, मला फार लाज वाटतेय. तुझ्याकडे शेवटची कधी आले तेही आठवत नाही. वहीत मात्र दर आठवड्याला येते आणि दर वेळी तू विचारतेस, ‘आयलीस पोरी? जेवलीस का न्हाय?’ सगळ्या वहीत तेवढंच एक वाक्य खरं आहे.

तुझी भाची,
मृणाली

ता. क. – शेजारच्या गुणाबाईंचं भात अजून उभं आहे, असं दीपेश म्हणतो. शनिवारपुरतं ते आपलं म्हणशील का? (वहीत आपलं कापून झालंय, पण ते मी निभावते.) गुणाबाईंना तेवढा वेळ घरात बसायला सांग.

ता. क. २ – वरचं खोडून टाक. आत्ताच मॅडमना खरं काय ते मेसेजवर लिहून पाठवलं, वर्ग आणू नका असंही. त्यांनी वाचलंय. शनिवारी मी एकटीच येतेय.

ता. क. ३ – शेत देताना तुला कसं वाटलं गं? हे मी गुडघ्यांच्याही आधी विचारायला हवं होतं. आल्यावर सांग. वही घरी ठेवून येते.